आधी मोजा, मग पुसा



आज म्हसळ्यातील अनेक घरांत संगणक आहे. त्याच्या हार्ड डिस्कवरील जागा संपली की आपण घाबरून दिसेल ते पुसत सुटतो. ही घाई महागात पडते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर आले. कित्येकांची छपरे उडाली, कपाटातले कागद भिजले. दाखल्याची संगणकातील प्रत किती मोलाची असते, हे अशा वेळी कळते.

म्हणून जागा कोणी अडवली, हे प्रथम शोधावे. विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज असे क्रमाने उघडा. कशाने किती जागा घेतली, ते तेथे दिसते. मग फोल्डरातील फाइली आकाराप्रमाणे लावून पाहा. दाखल्याची एक प्रत ५०० केबीची धरली, तर एका जीबीत अशा सुमारे २००० मावतात. लग्नाचा एकच व्हिडिओ मात्र कित्येक जीबी खातो. डाउनलोड्समध्ये एकच फाइल दोन-तीनदा उतरवलेली सापडते. पुसलेल्या फाइलीही रिसायकल बिन रिकामा करेपर्यंत जागा धरून बसतात. विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरला मात्र हात लावू नये.

विद्यार्थी मित्रांनो, आखातात राबणाऱ्या वडिलांनी पाठवलेले फोटो आणि घरातील दाखले आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवा, प्रत उघडते का ते पाहा आणि वडीलधाऱ्यांना विचारूनच पुसा. जागा पुन्हा मिळेल. गेलेली प्रत मिळेलच असे नाही.