कारणाचा रकाना
(शारदीय व्याख्यानमाला : पुष्प पाचवे)



गांजा हा विषय पत्रिकेत छापून आल्यापासून सौभाग्यवती माझ्या कोटाचे खिसे तपासतेय. हसा! पण मागच्या रांगेतल्या तरुणांनी टाळी जरा लवकरच दिली. मी चिलीम कधी ओढली नाही. पस्तीस वर्षं ओढणाऱ्यांची वकिली मात्र केली, आणि माझं मत ठाम आहे : गांज्याला परवाना द्यावा, कर लावावा.

गांज्यावर बंधनं घालणारा 1961चा आंतरराष्ट्रीय करार, 1985चा एनडीपीएस हा आपला अमली पदार्थविरोधी कायदा, हे सारं आपण जाणताच. त्या कायद्यातली एक गंमत तेवढी सांगतो. झाडाचा फुलोरा म्हणजे गांजा. त्याच झाडाचं नुसतं पान त्या व्याख्येबाहेर. म्हणून काशीत भांगेची सरकारमान्य दुकानं, आणि फुलोरेवाला कोठडीत.

आता 1893. विलायतेच्या पार्लमेंटात ओरड झाली, की गांज्यानं हिंदुस्थानात वेड्यांची इस्पितळं भरताहेत. सरकारनं आयोग नेमला, 1193 साक्षी झाल्या, अहवालाचे सात खंड. मी ते वाचलेत; घरी कुणी विचारत नाही, म्हणून इथं सांगतो. रोगी दाखल करताना एक तक्ता भरत, त्यात 'वेडाचं कारण' असा रकाना. कारण ठाऊक कुणाला? पण रकाना कोरा कसा ठेवायचा? लिही गांजा! आयोगानं छाननी केली, तेव्हा 1892 साली दाखल झालेल्या 1344 प्रकरणांत गांजा-भांगेकडे बोट दाखवता येईल अशी उरली 98. माफक सेवनानं फारसं नुकसान नाही, बंदी नको, कर लावा, असं त्यांनी लिहून ठेवलं. गोऱ्या सरकारच्या आयोगानं, 1894 साली!

रकान्यावरून आठवलं. एका एसटी कंडक्टरचा मुलगा, वसतिगृहात चिमूटभर मालासह सापडला. कलम 20, वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंडावर सुटला. वडील माझ्यासमोर टोपी चुरगाळत उभे. "साहेब, दारू पिऊन पडला असता तर चाललं असतं का हो?" मी गप्प. दोन वर्षांनी पोरगं नोकरीचा अर्ज घेऊन आलं. त्यातही एक रकाना होता, 'यापूर्वी शिक्षा झाली आहे काय?' म्हणालं, "काका, काय लिहू?" खरं लिहिलं. नोकरी गेली.

हो डॉक्टर, हात खाली घ्या, येतोय तुमच्याकडे. कोवळ्या वयात गांजा घातक, काहींना त्यातून भ्रम होतो, मान्य. म्हणूनच दुकान हवं. आज टपरीमागचा विक्रेता वय विचारतो का? कॅनडानं 2018 साली विक्री कायदेशीर केली. तिथल्या क्वेबेक प्रांतानं 2020 मध्ये वयाची अट 18वरून 21वर नेली. दुकान होतं म्हणून अट वाढवता आली. थायलंडनं 2022 साली नियमांआधीच दार उघडलं, 2025 मध्ये पुन्हा डॉक्टरांच्या चिठ्ठीची अट घातली. तो आडदांडपणा मी मागत नाहीये. तुम्ही मान हलवताय. हलवा, पण मला पुढं जाऊ द्या.

संयोजकांची चिठ्ठी आली. तीन मिनिटं उरली? कराचा भाग राहिलाच, आणि ब्रिटिश काळातल्या अहमदनगरकडच्या गांज्याच्या शेतीचा तर कागदच उलटला नाही. कंडक्टरनं वेळ खाल्ला.

खजिनदार, मानधनाच्या पावतीवर 'कारण' असा रकाना असेल, तर तो कोरा ठेवा.