मुरळी आणि फड : पवळाबाई हिवरगांवकर

आजच्या धाराशिव जिल्ह्यांत, तुळजापूर तालुक्यांत, अणदूर नांवाचें गांव आहे. तेथील खंडोबाची ख्याति एका विलक्षण चालीमुळें झाली आहे. मूर्ति एक आणि देवळें दोन! वर्षांतील पावणेदोन महिने देव नळदुर्गाजवळच्या मैलारपुरीं राहतो व उरलेले सव्वादहा महिने अणदुरास. या जाण्यायेण्याचा दोन्ही गांवांत लेखी करार होतो. देवालाहि कागदाची गरज पडावी यांत नवल वाटेल. परंतु या देवाच्या नांवानें ज्या मुली वाहिल्या गेल्या, त्यांच्या हिताचा कागद मात्र कोणीं कधीं केला नाहीं.

खंडोबाचें जागरण ज्यांनीं ऐकलें आहे त्यांना मुरळीची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. उसांच्या चौकटीखालीं घट मांडलेला, दिवटी पेटलेली, वाघ्याच्या हातीं खंजिरी, साथीला तुणतुणें, आणि पुढें हातांतील घोळ वाजवीत गाणारी व नाचणारी मुरळी. उजाडेपर्यंत श्रोत्यांचा डोळा लागूं द्यावयाचा नसतो. पद कोठें उचलावें, हंशा कोठें पिकवावा, पेंगुळलेल्या मंडळींकडून ‘येळकोट’ची गर्जना कशी करवावी, हें तिला शाळेवांचून येतें. भर मंडळींत, पुरुषांच्या समोर उभें राहून मोकळ्या गळ्यानें गाण्याची परवानगी घरंदाज स्त्रीला नव्हती, त्या काळीं ती मुरळीला होती. मात्र या मोकळीकीची किंमत फार जबर होती. नवसाची मुलगी देवाला सोडली कीं तिचें लग्न देवाशींच. संसार नाहीं, नवरा नाहीं, आणि पोटाची सोय नाहीं. यांतील भक्ति आईबापांची, आणि जन्म मात्र मुलीचा!

अशाच मुरळ्यांपैकीं एक पवळा भालेराव. तिचा जन्म १८७० सालीं अहमदनगर (आतां अहिल्यानगर) जिल्ह्यांतील संगमनेर तालुक्यांत, हिवरगांव पावसा येथें, एका महार कुटुंबांत झाला. गांवाजवळच्या देवगडच्या टेकडीवर खंडोबाचें ठाणें आहे. पवळा खंडोबाला वाहिली गेली आणि देवापुढें गातां गातांच तिचा गळा तयार झाला. जागरणांतून ती तमाशाच्या फडांत आली.

ही गोष्ट आज साधी वाटते. तेव्हां ती साधी नव्हती. त्यावेळच्या तमाशांत स्त्रीचें काम नाच्या पोऱ्या करी. मिशी न फुटलेला मुलगा लुगडें नेसून, पायांत चाळ बांधून गौळणींत राधा होई आणि वगांत राणी होई. प्रेक्षकांनाहि त्याची इतकी संवय झाली होती कीं तें सोंग आहे याचें भानहि त्यांना क्वचितच राही. पवळा बोर्डावर उभी राहिली आणि हें सोंग उघडें पडलें. तमाशाच्या बोर्डावरील पहिली स्त्री म्हणून तिचें नांव सांगतात. ‘नामचंद पवळा’ असें लोक तिला म्हणूं लागले, आणि तिला पाहावयास व ऐकावयास गर्दी लोटूं लागली.

पुढें तिची गांठ पठ्ठे बापूरावांशीं पडली. यांचें मूळ नांव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. जन्म १८६६ चा, गांव वाळवें तालुक्यांतील रेठरे हरणाक्ष. ब्राह्मणाचा मुलगा घरदार सोडून तमाशांत शिरतो आणि महाराच्या मुलीबरोबर फड उभा करतो, हें त्या वेळच्या समाजाला मानवणें शक्यच नव्हतें. उभयतांची निंदा पोटभर झाली. परंतु निंदा करणाऱ्यांचीं पाउलें रात्रीं कोठें वळत, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या घाटावरच्या व कोंकणांतल्या माणसाला या फडानें आपल्या मुलुखाची भाषा आणि ढोलकी परत दिली. १९०८-०९ च्या सुमारास छत्रपति शाहू महाराजांपुढें बापूरावांनीं आपला ‘मिठाराणी’चा वग केला.

बापूरावांची व पवळेची प्रीति हा विषय लोकांनीं चघळून चघळून चोथा केला आहे. त्यापेक्षां लावणीची रचना पाहावी. तिच्या शेवटच्या चरणांत कवि आपलें नांव गुंफतो. चार पिढ्यांनीं लावणी म्हटली तरी तिच्याबरोबर कवीचें नांव निघतेंच. पण जिनें ती प्रथम लोकांच्या कानांत घातली, ताना घेऊन, थांबून, एका शब्दावर नजर टाकून तिला अर्थ दिला, तिच्यासाठीं त्या चरणांत जागा नाहीं. गळ्याचें काम वाऱ्यावर जातें. पवळेच्या वांट्याला आली ती फक्त आठवण, आणि तीहि बहुधा बापूरावांच्या चरित्रांतलें एक प्रकरण म्हणून.

पवळा नांवारूपास आली त्याच काळांत पुण्यास शिवराम जानबा कांबळे ‘सोमवंशीय मित्र’ या आपल्या पत्रांतून १९०८ पासून मुरळी सोडण्याच्या चालीविरुद्ध लिहीत होते. एकीकडे फडांत मुरळीच्या गाण्याला टाळी पडत होती, आणि दुसरीकडे तिच्याच समाजांतील एक पुरुष मुली मुरळ्या होऊं नयेत म्हणून झटत होता. दोघांत विरोध आहे असें वरवर वाटतें. पण कांबळ्यांचें भांडण गाण्याशीं नव्हतेंच. पवळेसारखा गळा लाखांत एखादीला. बाकीच्यांच्या नशिबीं काय होतें तें त्यांनीं जवळून पाहिलें होतें. मुंबई इलाख्यांत देवदासी-संरक्षणाचा कायदा १९३४ सालीं झाला. अणदूर त्यावेळीं निजामाच्या राज्यांत होतें. मुंबईच्या कायद्याला तेथें प्रवेश नव्हता.

पवळाबाई ६ डिसेंबर १९३९ रोजीं वारली. बापूराव २२ डिसेंबर १९४५ रोजीं गेले, तेहि विपन्नावस्थेंत. पुढें १९५० सालीं त्यांच्या जीवनावर बोलपट निघाला. त्याचें नांव होतें ‘पठ्ठे बापूराव’.