चपळाई पायात की डोक्यात?

लोणी भापकरच्या एखाद्या आबांना "रोज थोडे झपाझप चालत जा" म्हणून पाहा. "आरं, जल्मभर रानात राबलो, आता कसली कसरत?" हा जबाब ठरलेला. जिराईत गाव, राबणे तर खरेच. तरीही आबांशी माझा थोडा वाद आहे.

आपला खो-खो आठवा. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली त्याचे नियम बांधले. पाठीवर थाप पडते, "खो" ऐकू येते, गडी उठतो. तेवढ्यात कानाने ऐकले, मेंदूने ओळखले, पायांना हुकूम गेला. वय वाढते तसा हा हुकूम सुटायलाच उशीर होतो. समोरून मोटारसायकल आली, किंवा मल्लिकार्जुनाच्या देवळापुढच्या कुंडाच्या पायरीवर पाय घसरला, तर त्या उशिराने हाड मोडते.

अमेरिकेत स्पिर्डुसो या संशोधक बाईंनी १९७५ साली हा वेळ मोजला. वर्षानुवर्षे खेळत आलेले वयस्क लोक बैठ्या वयस्कांपेक्षा पुष्कळ जलद निघाले. बैठ्या तरुणांच्या जवळपास पोहोचले! तुम्ही म्हणाल, जे मुळात चपळ तेच खेळत राहिले असतील. शंका रास्त आहे. म्हणून २०११ सालचा दुसरा प्रयोग पाहा. १२० बैठी वयस्क माणसे घेतली. निम्म्यांना आठवड्यातून तीनदा चालायला लावले, दहा मिनिटांपासून चढवीत चाळीसपर्यंत. उरलेल्यांना नुसते अंग ताणायचे व्यायाम. वर्षाने चालणाऱ्यांच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस, म्हणजे स्मरणाचे काम करणारा भाग, सुमारे २ टक्के वाढला. इतरांचा थोडा घटला.

आपल्याकडे मात्र हळद लागली की तालीम सुटते. मुलींचा खेळ तर शाळेबरोबरच संपतो. आणि राबण्याचे म्हणाल, तर नांगरट आता ट्रॅक्टर करतो. आबा बांधावर उभे असतात.

घरीच एक गंमत करा. नातवाला फूटपट्टी वरच्या टोकाला उभी धरायला सांगा. खालच्या शून्यापाशी तुमचा अंगठा आणि बोट, पट्टीला न लावता. त्याने सोडली की पकडा. २० सेंटिमीटरवर सापडली, तर सेकंदाचा पाचवा भाग लागला. पाचदा करा, मधला आकडा भिंतीवर लिहा. वर्षभर चाला, मग पुन्हा पाहा. नातवाला तेवढे बजावून ठेवा, की आबांची दया येऊन आधी "सोडतो हं" म्हणायचे नाही.