ताप उतरल्यावरची सावधगिरी

गेल्या पावसाळ्यात आमच्या शेजारचे एक गृहस्थ रक्ततपासणीचा कागद घेऊन आले. मुलाला दोन दिवस ताप होता. कागदावर लिहिले होते, ‘एन एस वन पॉझिटिव्ह’. “अहो, हे काय प्रकरण आहे? पोराच्या जिवाला धोका तर नाही ना?”

मी काही डॉक्टर नव्हे. पण वाचले होते ते सांगितले. डेंग्यूचा विषाणू आपल्या पेशीत शिरला, की तिच्याकडून आपली प्रथिने तयार करून घेतो. त्यांतलेच एक एन एस वन. ते रक्तात उतरते, म्हणून तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत त्यावरून डेंग्यू ओळखता येतो. मात्र ते सापडले नाही म्हणजे डेंग्यू नाहीच, असे समजू नये. पूर्वी डेंग्यू होऊन गेलेल्यांच्या रक्तातून ते लवकर दिसेनासे होते.

बरे, हे प्रथिन नुसते साक्षीदार आहे काय? थायलंडमधील मुलांचा एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या रक्तात ते आरंभीच फार होते, त्यांचा आजार अधिक बळावलेला दिसला. पुढे २०१५ साली प्रयोगांतून कळले, की हे प्रथिन बारीक रक्तवाहिन्यांचे अस्तरच सैल करते. मग माठ पाझरावा तसा रक्तातला द्रव बाहेर झिरपतो. साक्षीला बोलावलेला इसम आरोपींपैकीच निघाला!

पण नेहमीच्या तपासणीत ‘आहे’ की ‘नाही’ एवढेच कळते. आजार बळावेल की नाही, हे कागद सांगत नाही. ते रोग्याकडे पाहूनच ओळखावे लागते. आणि हा पाझर बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ताप उतरू लागतो तेव्हाच सुरू होतो. आपण म्हणतो, गंगेत घोडे न्हाले! खरी राखण तेव्हाच हवी. पोटात जोराच्या कळा, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, गार हातपाय, मलूलपणा, यांतले काहीही दिसले तर दवाखाना गाठा. तापावर ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन देऊ नका. त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो.

शिक्षकबंधूंनो, ताप उतरताच शाळेत आलेल्या मुलाची जरा विचारपूस करा. आठवड्यातून एकदा हौद-रांजण कोरडे करण्याचा पाठही तुम्हीच द्या. डास तिथेच वाढतात.

शेजारच्या त्या मुलाचा ताप पाचव्या दिवशी उतरला आणि संध्याकाळी पोटात कळा सुरू झाल्या. वडिलांनी सकाळची वाट पाहिली नाही. मुलगा आज शाळेत जातो आहे.