मात्रा आणि पातळी



मी बेळगाव-निपाणी भागात जनावरांवर उपचार करतो. औषध लागू पडले की आपण ‘मात्रा चालली’ म्हणतो. पण रक्तात टिकते ती पातळी. हे दोन शब्द वेगळे ठेवावेत, एवढेच मला सांगायचे आहे.

फीट येणाऱ्या कुत्र्याला बहुधा फेनोबार्बिटल देतात. सुमारे दोन आठवड्यांनी पातळी स्थिरावते. मग रक्त तपासायचे. मिलिलिटरमागे साधारण 15 ते 35 मायक्रोग्रॅम असावे. कमी असेल तर फीट आवरत नाही. जास्त असेल तर यकृताला धोका. पुढे यकृत तेच औषध अधिक वेगाने निकालात काढू लागते. म्हणून मात्रा तीच असूनही पातळी उतरते.

मालक सांगतो, “डॉक्टर, फीट थांबली की, गोळी सोडून दिलो.” गोळी एकाएकी तोडली तर जीवघेणी फीट येऊ शकते. मी त्याला हौद दाखवतो: किती घागरी ओतल्या ती मात्रा, पाणी कुठवर उभे आहे ती पातळी, आणि हौदाला गळती आहेच. कन्नड मालकाला ‘मट्ट’ म्हटले की पुरते. मराठीत मात्र दोन्हींसाठी ‘प्रमाण’ वापरून आपण वेळ मारून नेतो. शिक्षकांनी, अनुवादकांनी ते टाळावे.