तरुण वयातील रक्तदाब : दोन्ही हात तपासून घ्या



ऐन तारुण्यात एखाद्या स्त्रीचा रक्तदाब वाढला, तर ती केवळ दगदग आहे असे मानून स्वस्थ बसू नये. ‘ताकायासू धमनीदाह’ या दुर्मिळ विकारात महाधमनी व तिच्या शाखांच्या भिंती सुजून रक्तमार्ग अरुंद होतो. जपानी नेत्रतज्ज्ञ मिकितो ताकायासू यांनी १९०८ साली तो नोंदवला. भारतीय रुग्णांत पोटातील महाधमनी व मूत्रपिंडाच्या धमन्या अनेकदा बाधित होतात. त्यामुळे रक्तदाब चढतो.

रेंगाळणारा बारीक ताप, घटते वजन, जेवणानंतरची पोटदुखी, चालताना पाय भरून येणे, मनगटाची नाडी क्षीण लागणे ही याची लक्षणे होत. अशा वेळी दोन्ही हातांचा रक्तदाब मोजून घ्यावा. दोहोंत १० अंकांहून अधिक फरक आढळल्यास त्वरित डॉक्टरांना सांगावे. रक्ततपासणी, डॉप्लर सोनोग्राफी व सीटी अँजिओग्राफी यांच्या साह्याने निदान होते.

स्टेरॉइड व प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या औषधांनी दाह शमवता येतो. आवश्यक तेथे फुग्याने धमनी रुंद करतात. बरे वाटले म्हणून स्टेरॉइड एकाएकी थांबवणे जिवावर बेतू शकते. यातील काही औषधे गर्भास अपायकारक असतात; म्हणून मातृत्वाचा विचार करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा.