मेणाची उसंत



आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि कारखान्यात फार झाले. तेव्हा आम्ही बोलणार तेही यंत्राबद्दल आणि त्याच्याजवळ उभ्या असलेल्या माणसाबद्दल.

आकुर्डीला पूर्वी पेट्रोलच्या स्कूटर निघत. आता तेथे विजेवरची चेतक तयार होते. विजेच्या प्रत्येक गाडीत बॅटरीचा प्रवाह मोटरला मोजून देणारी पेटी असते, तिला कंट्रोलर म्हणतात. तिच्यातली सिलिकॉनची चकती नखाएवढी. पण गाडी चढाला लागली की ती भलतीच तापते. साधारण १५० ते १७५ अंशांपुढे तिचा भरवसा नाही.

अशा वेळी मेण कामी येते. रसवंतीतला बर्फ आठवा. तो वितळून संपेपर्यंत शून्य अंशावरच राहतो आणि ग्रॅममागे ८० कॅलरी उष्णता गिळतो. मेण पन्नाससाठ अंशांवर वितळते आणि ग्रॅममागे सुमारे ५० कॅलरी घेते. किलोभर मेणाला १०० वॅटची जादा उष्णता अर्धा तास सहज पुरवता येते. तेवढ्याच उष्णतेने किलोभर ॲल्युमिनियम सुमारे २०० अंशांनी चढले असते. मात्र मेणातून उष्णता लवकर पसरत नाही, म्हणून त्यात ॲल्युमिनियमच्या पात्या किंवा ग्रॅफाइट घालतात.

१९७१ साली अपोलो १५ च्या चांद्रगाडीत हीच युक्ती होती. फेरी संपली की झाकणे उघडून साठलेली उष्णता आकाशात सोडीत आणि मेण पुन्हा गोठू देत. यातच सारे मर्म आहे. मेण उष्णता नाहीशी करीत नाही, उसनी ठेवून घेते. गोठायला उसंत दिली नाही, तर पुढच्या चढाला ते निरुपयोगी. म्हणून इंजिनियर कामाबरोबर उसंतही आधीच कागदावर मांडतो.

भट्टीजवळच्या माणसाचा हिशेब असा कोण मांडतो? १९४८ च्या कारखाना कायद्याने पाच तासांच्या कामापुढे निदान अर्ध्या तासाचा विसावा ठरविला. भट्टीपाशी तेवढ्याने भागत नाही. कमी अंशांवर वितळणाऱ्या द्रव्याची पाकिटे शिवलेली जाकिटे आता मिळतात. ती अवश्य मागा. पण प्रत्येकी दोन जोड मागा, एक अंगावर आणि एक गोठायला. आणि जाकीट दिले म्हणून कोणी विसाव्याची मिनिटे कापू लागला, तर त्याला एवढेच विचारा : मेणाला उसंत लागते, मग माणसाला का नको?